फळीला बायोडेटा वाचता येत नाही

टीव्हीवर माणसाला अडवायचे मार्ग पुष्कळ आहेत. कुणाला एक कोटीच्या प्रश्नापाशी अडवतात, कुणाला परीक्षकाच्या भुवईपाशी, कुणाला प्रेक्षकांच्या मतांपाशी. जपानच्या टीबीएस वाहिनीनं मात्र यासाठी अशी वस्तू शोधून काढली की ती सामानाच्या यादीत लिहायलाही संकोच वाटावा. भिंतीतून जरा पुढे आलेली एक अरुंद फळी. रुंदी तीन सेंटिमीटर. बस्स. या फळीवर दोन्ही हातांची बोटं टेकवायची, पाय हवेत सोडायचे आणि बाजूबाजूनं सरकत पलीकडे जायचं. खाली पाणी. अडथळ्याचं नाव ‘क्लिफहँगर’.

तीन सेंटिमीटर म्हणजे किती, हे पाहायचं असेल तर दाराच्या चौकटीची वरची कड पाहावी. तिथे धूळ राहते, मागच्या दसऱ्याच्या तोरणाचा दोरा राहतो, कुणीतरी ‘सापडेल अशा जागी’ ठेवलेली आणि म्हणूनच न सापडणारी किल्ली राहते. माणूस राहील अशी सोय तिथे नाही. बोटाचं एक पेर आणि वर थोडं, एवढंच काय ते मावतं. अंगठ्याला तर जागाच नाही. माणसाला इतर प्राण्यांहून श्रेष्ठ ठरवणारा म्हणून जो अंगठा शाळेच्या पुस्तकात मिरवतो, तो इथे बिनखात्याच्या मंत्र्यासारखा नुसता सोबत असतो.

हा अडथळा ज्या कार्यक्रमात आहे त्याचं नाव ‘सासुके’. गोष्टींमधल्या सारुतोबी सासुके नावाच्या निन्जावरून ते घेतलेलं. ‘मसल रँकिंग’ या कार्यक्रमाचा एक खास भाग म्हणून १९९७ च्या सप्टेंबरात तो पहिल्यांदा दाखवला गेला. पहिली स्पर्धा बंद सभागृहात झाली, दुसरीपासून ती योकोहामाच्या मिदोरियामा स्टुडिओच्या मोकळ्या आवारात गेली आणि तिथेच मुक्कामाला राहिली. पुढे हा प्रकार शंभराहून अधिक देशांत पोचला, इंग्रजीत त्याचा ‘निन्जा वॉरियर’ झाला, अमेरिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत त्याच्या शाखा निघाल्या.

मिदोरियामाचं हे आवार मराठी घरांना परकं नाही. १९८६ ते १९९० या काळातल्या ‘ताकेशीज कॅसल’चा चिखल इथलाच. तो कार्यक्रम आपल्याकडे बऱ्याच वर्षांनी पोगो चॅनेलवर आला, जावेद जाफरीच्या हिंदी बडबडीसह, आणि आपली एक अख्खी पिढी वरणभात कालवता कालवता जपानी माणसं चिखलात आपटताना पाहत वाढली. आईवडिलांना वाटे पोरं कार्टून बघतायत. खरं तर ती मनुष्यस्वभावाचा अभ्यास करत होती. दुसऱ्याचं पडणं पाहताना भाजी नावडती असली तरी जाते, हा त्या अभ्यासाचा निष्कर्ष.

त्याच टीबीएस वाहिनीनं त्याच आवारात पुढे ‘सासुके’ मांडला, पण पडण्याचा अर्थ पार बदलला. ताकेशीच्या किल्ल्यावर माणसं पडायलाच येत. पडली की हसत, कॅमेऱ्याकडे हात करत चिखलातून बाहेर निघत. ‘सासुके’त पडलेला माणूस पाण्यात तसाच उभा राहतो. वर फळीकडे बघतो. मग स्वतःच्या हातांकडे बघतो, जणू ते कुणाकडून तरी उसने आणलेले होते. आणि बरेचदा रडतो. सोफ्यावर बसलेल्या आपल्या हातातला घास तिथेच थांबतो. इतकी वर्षं ज्या आवारावर हसलो, तिथे आता गंभीर चेहरा कसा करायचा, हे काही केल्या जमत नाही.

स्पर्धकांची संख्या शंभर. त्यात सगळा समाज आलेला असतो. अग्निशमन दलाचे जवान, विनोदी नट, कुस्तीगीर, कॉलेजातली पोरं, पोरांना लाजवू पाहणारे आजोबा, आणि पहिल्याच अडथळ्यात बुडण्यासाठी झगमगीत पोशाख शिवून घेतलेले काही निरिच्छ लोक. टप्पे चार. पहिला टप्पा धावाधावीचा. घड्याळ चालू असतं आणि शेवटाकडे ती प्रसिद्ध वाकडी भिंत असते, जिच्यावर माणूस धावत जातो आणि बहुधा तितक्याच वेगानं परत येतो. दुसऱ्या टप्प्यातही घड्याळ. त्यात ‘सॅमन लॅडर’ म्हणून एक शिडी आहे. लोखंडी दांड्याला लटकायचं आणि अंगाला हिसका देत तो दांडा आपल्यासकट एकेक खाच वर न्यायचा. प्रवाहाविरुद्ध उड्या मारत जाणाऱ्या सॅमन माशावरून हे नाव पडलं. तो मासा वर गेल्यावर अंडी घालतो, असा त्याचा काहीतरी उद्देश तरी असतो.

तिसऱ्या टप्प्यात घड्याळ नाही. हे ऐकून आपल्याकडच्या माणसाला बरं वाटतं. वेळेचं बंधन नाही म्हणजे चहाबिहा घेऊन सावकाशीनं करता येईल. प्रत्यक्षात या टप्प्याला वरून घड्याळ लावायची गरज नसते. सगळे अडथळे हातांवर लटकून पार करायचे असल्यामुळे घड्याळ स्पर्धकाच्या बोटांतच बसवलेलं असतं आणि ते फार पुढे असतं. चित्रीकरण सकाळपासून चाललेलं, तिसऱ्या टप्प्यापर्यंत रात्र झालेली, शंभरातले बहुतेक भिजून घरी गेलेले. मोजके उरलेले लोक एका फळीसमोर उभे असतात आणि ती काहीच करत नसते. तिच्यात चक्र नाही, कुलूप नाही, प्रश्न नाही. ती फक्त असते.

सुरुवातीला तर बिचारी फारच साधी होती. काही पडत, काही पार होत. पण पार होणारे जरा जास्त सहजपणे पार व्हायला लागले आणि निर्मात्यांच्या पोटात गोळा आला. या स्पर्धेत कुणी चारही टप्पे जिंकले की मैदानाचं रूप पालटायची रीत आहे. जिंकणाऱ्याला टाळ्या आणि पुढच्या खेपेला येणाऱ्यांना शिक्षा. फळ्या खालीवर झाल्या. मग तिरक्या झाल्या. मग दोन फळ्यांच्या मध्ये नुसती हवा ठेवली, म्हणजे लटकलेल्या माणसानं झोका घेऊन उडी मारायची आणि पुढची तीन सेंटिमीटर बोटांनी झेलायची. ते जमायला लागल्यावर पुढची फळी पाठीमागे नेली. आता हवेत वळून, लटकताना ज्या फळीकडे पाठ होती तीच पकडायची. तेही जमवणारे निघाले, तेव्हा फळ्याच हलत्या केल्या. प्रत्येक खेपेला नावापुढे एक बिरुद चढत गेलं. ‘अल्टिमेट’ झालं, ‘क्रेझी’ झालं, ‘अल्ट्रा क्रेझी’ झालं. बिरुदं संपत आली आहेत, पडणारे संपत नाहीत.

या फळीची गंमत कळायला शरीरशास्त्रातली एक गोष्ट कळावी लागते, आणि ती कळल्यावर आपल्याला इतकी वर्षं फसवण्यात आलं असं वाटू लागतं. बोटं वाकवणारे मोठे स्नायू बोटांत नसतात. ते असतात कोपर आणि मनगट यांच्यामध्ये. तिथून निघालेल्या दोऱ्या, म्हणजे कंडरा, मनगटातून बोटांच्या टोकांपर्यंत जातात. विश्वास नसेल तर उजव्या हाताची मूठ उघडझाक करा आणि डावा हात कोपराच्या खाली ठेवून पाहा. आत कठपुतळीचा खेळ चाललेला जाणवेल. म्हणजे फळीवर लटकलेली आठ बोटं हे नुसते आकडे आहेत. काम करणारा कामगार दूर, कोपरापाशी, कुणाला न दिसता राबतो. टीव्हीवर नाव बोटांचं होतं.

त्या कामगाराची अडचण अशी की स्नायू जोरात आवळून धरला की त्यातल्या रक्तवाहिन्याही आवळल्या जातात. ताजं रक्त येत नाही, साचलेलं नीट जात नाही. हात टणक होतो, फुगतो, जळजळतो. गिर्यारोहक याला ‘पंप’ म्हणतात. उपाय एकच, तो म्हणजे हात सोडून झटकायचा. आणि हात झटकायचा म्हणजे दुसऱ्या हातावर सगळा भार टाकायचा. आता गणित करा. सत्तर किलोचा माणूस, आठ बोटं, म्हणजे बोटामागे पावणेनऊ किलो. पुढे सरकण्यासाठी एक हात उचलला की उरलेल्या चार बोटांमागे साडेसतरा किलो. यात करंगळीला बरोबरीचा वाटा देता येत नाही, हे कुठल्याही एकत्र कुटुंबात वाढलेल्याला सांगावं लागू नये. ती आधीच घरात सगळ्यांत धाकटी.

म्हणून पडण्याचीही एक पद्धत ठरलेली असते. आधी पाय सायकल मारायला लागतात. मग खांदे कानांपर्यंत चढतात. मग चेहऱ्यावर दूरचं काहीतरी आठवत असल्याचा भाव येतो. आणि मग बोटं एकेक करून राजीनामे देतात, आधी करंगळी, मग तिच्या शेजारची. सरकार पडतंय हे घरी बसलेल्या सगळ्यांना कळलेलं असतं. फक्त मुख्यमंत्री अजून आकडा आपल्याकडेच असल्याचं सांगत असतो.

या गणितात सगळ्यांत मोठी फजिती होते ती देखण्या शरीरांची. व्यायामशाळेत वर्षानुवर्षं घडवलेली छाती, दंडावरची बेटकुळी, मांड्यांचे खांब, हे सगळं फळीपाशी आलं की एकच गोष्ट उरते, ओझं. आरशासाठी कमावलेला प्रत्येक किलो इथे करंगळीच्या नावावर कर्ज म्हणून चढतो. तेच पदव्यांचं, पदकांचं, प्रसिद्धीचं. निवेदक भारावून सांगत असतो, अमुक पदक, तमुक विक्रम, एवढे चाहते. फळीला बायोडेटा वाचता येत नाही. तिला फक्त वजन कळतं.

मग ती पार कुणी केली? १९९९ मध्ये ‘सासुके’चे चारही टप्पे पहिल्यांदा जिंकले ते काझुहिको अकियामा यांनी. धंदा, होक्काइदोच्या समुद्रात खेकडे पकडणं. शिवाय त्यांची दृष्टी जन्मापासून अधू. दुसरे माकोतो नागानो, मासेमारी बोटीचे कप्तान, विजयाचं साल २००६. तिसरे युजी उरुशिहारा, बुटांच्या दुकानातले विक्रेते. ते दोनदा जिंकले, २०१० आणि २०११. चौथे युसुके मोरिमोतो, सॉफ्टवेअर इंजिनिअर. तेही दोनदा, २०१५ आणि २०२०. या काळात ऑलिम्पिक गाजवलेले जिम्नॅस्ट येऊन गेले, तारे येऊन गेले, पण पहिले सहा विजय वाटून घेतले ते दोन मच्छीमार, एक बूटवाला आणि एक संगणकवाला यांनी.

मच्छीमारांचं एक वेळ समजतं. थंडीत ओले दोर ओढणारा हात म्हणजे फळीसाठी तयारच झालेला. नागानो तर बोटीवरच सराव करत. पण बूटवाल्याचं काय? गिऱ्हाइकाच्या पायापाशी बसून ‘थोडा वापरला की सैल होईल’ हे वाक्य म्हणण्यात बोटांना कुठला व्यायाम? आणि सॉफ्टवेअरवाल्याचं तर मुळीच समजत नाही. आपल्या ओळखीतल्या सॉफ्टवेअरवाल्यांची मनगटं पट्टा बांधूनच हिंडत असतात. मोरिमोतो पोरवयातच या स्पर्धेत उतरले आणि मग हटलेच नाहीत, एवढंच त्याचं उत्तर. फळीचा निकष एकच दिसतो. या माणसाला दुसरं काही सुचतं का? नसेल सुचत तर येऊ द्या.

दुसरं काही न सुचण्याच्या बाबतीत सगळ्यांच्या वर नाव कात्सुमी यामादा यांचं. जपानी प्रेक्षक त्यांना ‘मिस्टर सासुके’ म्हणतात. घराच्या आवारात अडथळ्यांच्या प्रतिकृती उभ्या केल्या, सरावापायी नोकरी गेली, पण पूर्ण विजय कधीच मिळाला नाही. त्यांनी डोळ्यांत पाणी आणून निवृत्ती जाहीर केली आणि नंतर परत आले. निवृत्त होऊन परत येणाऱ्यांची आपल्याला सवय आहे, त्यामुळे आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही. फरक इतकाच की आपल्याकडचे परत येतात ते खुर्चीसाठी, आणि खुर्चीवर बसता येतं. यामादा परत यायचे ते लटकण्यासाठी. आणि नागानो यांनाही विजयाआधी २००३ मध्ये शेवटच्या टप्प्यावर, अगदी वरचं बटण दाबताना, ०.११ सेकंद उशीर झाला होता. तेवढ्या वेळात आपल्या पापणीची एक उघडझापही पुरी होत नाही. त्यांना तो उशीर भरून काढायला तीन वर्षं लागली.

जपानात हे सगळं चाललं होतं ते बक्षिसाच्या दृष्टीनं पाहिलं तर किरकोळ रकमेसाठी. अमेरिकेला ते पटलं नाही. २००९ मध्ये ‘अमेरिकन निन्जा वॉरियर’ सुरू झाला. पहिली काही वर्षं तिथले निवडक गडी मिदोरियामालाच लटकायला पाठवत. २०१२ पासून लास व्हेगासमध्ये स्वतःचं मैदान उभारलं आणि २०१५ मध्ये बक्षीस केलं दहा लाख डॉलर. त्याआधी भलीमोठी रक्कम लावूनही ती कुणाला उचलता आली नव्हती. जी पकड जपानात फुकट मिळत होती, ती अमेरिकेत पैसे देऊनही मिळेना.

२०१५ मध्ये मात्र एकाच रात्री दोघं शेवटपर्यंत पोचले. पहिला जेफ ब्रिटन, पेशानं कॅमेरामन. शेवटचा टप्पा म्हणजे ७५ फूट दोरावर ३० सेकंदांत चढणं. तो चढला २९.६५ सेकंदांत. अमेरिकेच्या मैदानावर पूर्ण विजय मिळवणारा पहिला माणूस. कागदाचे तुकडे उडाले, लोक नाचले. मग आला आयझॅक काल्डिएरो, हॉटेलात ताटं उचलायचं काम केलेला गिर्यारोहक. तो तोच दोर २६.१४ सेकंदांत चढला. नियमाप्रमाणे सगळे दहा लाख डॉलर त्याचे. ब्रिटनला इतिहास मिळाला.

आमच्या घरी या निकालावर फार खल झाला. मामांचं मत असं की अशा वेळी दोघांना समोरासमोर बसवून निम्मे निम्मे करायला हवे होते, घरच्या वाटणीत आपण करतो तसे. बायकोनं विचारलं, आपल्याकडे घरच्या वाटणीत निम्मे निम्मे कधी झाले? मामा बशीत चहा ओतू लागले.

बाईमाणसांनी बोटामागच्या वजनाच्या गणिताला आणखी एक धक्का दिला. २०१४ मध्ये डॅलसच्या अंतिम फेरीत केसी कॅटनझारो ही जिम्नॅस्ट अख्खं मैदान पार करून गेली. अमेरिकेतल्या शहर-अंतिम फेरीत असं करणारी ती पहिली स्त्री. उंची पाच फूट, वजन पंचेचाळीस किलोच्या आसपास. वरचा हिशेब लावला तर बोटामागे साडेपाच किलोंहून जरा जास्त. धिप्पाड पुरुष ज्या वजनाची आयुष्यभर मिजास बाळगत आले ते तिच्यापाशी नव्हतंच, म्हणून ते उचलायचंही नव्हतं. उलट तिच्या वाट्याला अंतरं मोठी आली. उंच माणसाचा हात जिथे पोचतो तिथे तिला झेप घ्यावी लागत होती. ती घेत गेली.

आता सोफ्याकडे येऊ. पकडीचा अडथळा सुरू झाला की मराठी घरात एक मोठी घटना घडते. सगळे तज्ज्ञ होतात. क्रिकेटमध्ये निदान काही जणांना ऑफसाइड कुठली ते विचारावं लागतं. लटकणं सगळ्यांना कळतं. “घाई केली त्यानं.” “पाय बघ, पाय हलवतोय.” “मनगट वाकलं तिथेच संपलं.” ही सगळी वाक्यं आडवं पडून उच्चारली जातात. मामांचा ठाम आग्रह असतो की आपल्या मल्लखांबाच्या पोरांना पाठवा, जपान गार होईल. त्यांचं म्हणणं अगदीच सोडून देण्यासारखं नाही. मल्लखांबाच्या खांबाला तर एरंडेल चोळतात. म्हणजे जपानी लोक हात कोरडे ठेवायला धडपडतात, तिथे आपण पकडायची वस्तूच तेलकट करून ठेवतो. पण मल्लखांबातली पकड मांड्यांची आणि पायांची. दोरीच्या मल्लखांबात तर पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात दोर धरतात. उद्या टीबीएसनं पायाची बोटंही चालतील असा नियम केला, तर मामांना तिकडे सन्मानानं बोलवावं लागेल.

तरुण पिढी बोलण्यावर थांबत नाही, ती दाराच्या चौकटीत लटकायचा दांडा बसवते. आमच्या सोसायटीत मधे याची लाट आली होती. दांडा येतो, पहिल्या दिवशी फोटो निघतो, घरातले सगळे एकेकदा लोंबकळून घेतात, आजी दारातून वाकून जायला शिकते. पुढच्या पावसाळ्यात त्या दांड्यावर टॉवेल असतो. त्याचीही काही तक्रार नसते. एवढ्या निष्ठेनं लटकणारा त्या घरात दुसरा कुणी मिळालाच नव्हता.

हे हसण्यावारी नेण्याची सोय डॉक्टरांनी ठेवली नाही. २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा अभ्यास छापून आला. भारतासह १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार माणसांची मूठ यंत्रानं मोजून त्यांच्यावर काही वर्षं लक्ष ठेवलं होतं. पकडीचा जोर पाच किलोंनी कमी असेल तर मृत्यूचा धोका सरासरी १६ टक्क्यांनी जास्त आढळला. रक्तदाबाच्या वरच्या आकड्यापेक्षा मुठीचा आकडा याबाबतीत अधिक बोलका निघाला. अर्थात मूठ आवळल्यानं आयुष्य वाढतं असा त्याचा अर्थ नाही. मूठ ही शरीराच्या एकूण तब्येतीची खूण, एवढाच त्याचा अर्थ. पण हे वाचल्यापासून आमच्याकडे लोणच्याच्या बरणीचं घट्ट झाकण उघडायला स्वयंसेवक मिळत नाहीत. पूर्वी उघडलं नाही तर ‘हात ओले होते’ म्हणून सुटता यायचं. आता तो अहवाल ठरतो.

आणखी लाजवणारी माहिती पुढे आहे. लुई रॉबिन्सन नावाच्या इंग्रज डॉक्टरनं १८९१ मध्ये एक लेख प्रसिद्ध केला. त्यानं साठ एक नवजात बाळांना आपल्या बोटाला किंवा बारीक काठीला धरून लटकवून पाहिलं होतं. दोन अपवाद सोडले तर प्रत्येक बाळ स्वतःचा सगळा भार पेलत किमान दहा सेकंद लटकलं. त्यानं बाळांच्या आयांना नेमकं काय सांगून परवानगी मिळवली असेल, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे. आपल्याकडे पाचवीच्या पूजेआधी बाळाला काठीला लटकवायला निघालेला डॉक्टर स्वतःच लटकला असता. पण मुद्दा असा की ही पकड आपण घेऊनच येतो. आईच्या अंगाला बिलगून राहणाऱ्या पूर्वजांची ती शिल्लक, असं रॉबिन्सनचं म्हणणं. बाळ सहा महिन्यांचं होईतो ती आपोआप विरते. जन्मतः लटकता येतं याचं नवल वाटतं, पण हिशेब सरळ आहे. तेव्हा वजन तीन किलो असतं आणि बायोडेटा कोरा.

त्यानंतरचं सगळं आयुष्य आपण वजन वाढवण्यात घालवतो. आधी शरीराचं, मग नावाचं. पाटीवर पदवी, कार्डावर हुद्दा, लग्नपत्रिकेत नावामागे जमतील तेवढी अक्षरं. समाजात याचा उपयोग होतो. रांगेत पुढे घेतात, खुर्ची देतात, हार घालतात. त्या तीन सेंटिमीटरवर मात्र यातलं काहीच टेकत नाही, आणि एवढ्यासाठीच ती फळी बघायला मजा येते. वशिल्यानं जिथे काही होत नाही अशी जागा दिसली की आपल्याला आधी खोटी वाटते. मग आपण खुर्ची पुढे ओढून बसतो.

आता या फळीची भावंडं घरच्या टीव्हीवरून थेट ऑलिम्पिकला निघाली आहेत, आणि त्याला कारणीभूत एक घोडा आहे. आधुनिक पेंटॅथलॉन हा खेळ ऑलिम्पिकचे जनक कुबेर्तँ यांच्या डोक्यातून निघाला आणि १९१२ मध्ये स्टॉकहोमला पहिल्यांदा खेळला गेला. तलवार, पोहणं, घोडा, नेमबाजी, धावणं. शत्रूच्या मुलखात अडकलेल्या सैनिकाला जे जे यायला हवं ते सगळं यात. सैनिक हाती लागेल त्या घोड्यावर बसेल, म्हणून घोडा चिठ्ठ्या टाकून मिळायचा आणि ओळख करून घ्यायला वीस मिनिटं. आपल्याकडे ठरवून केलेल्या लग्नात याहून थोडा जास्त वेळ देतात.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये टोकियोत महिलांच्या स्पर्धेत एक जर्मन खेळाडू आघाडीवर होती. सुवर्णपदक समोर दिसत होतं. तिला चिठ्ठीत आला सेंट बॉय. घोड्यानं मैदान पाहिलं, अडथळे पाहिले आणि उड्या मारायला नकार दिला. ती रडली, घोडा तसाच. तिच्या प्रशिक्षिकेनं घोड्याला ठोसा लगावला आणि त्या प्रशिक्षिकेची स्पर्धेतून हकालपट्टी झाली. घोडेस्वारीत गुण शून्य, पदक गेलं, जगभर गदारोळ झाला. शेवटी या खेळाच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं घोडाच काढून टाकला आणि त्याच्या जागी आणली अडथळ्यांची शर्यत, भिंती, उड्या आणि हातांवर लटकत पार करायचे अडथळे. चाचण्यांना साथ कुणाची, तर ‘सासुके’वाल्या टीबीएसची. या नव्या रूपातल्या पेंटॅथलॉनला २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकसाठी मंजुरी मिळाली ती ऑक्टोबर २०२३ मध्ये, आणि कुठे, तर मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात भरलेल्या ऑलिम्पिक समितीच्या अधिवेशनात. त्याच अधिवेशनात क्रिकेट ऑलिम्पिकमध्ये परतलं, त्यामुळे आपण सगळे बॅट आणि बॉलकडे बघत बसलो आणि आपल्या नाकासमोरून निन्जा ऑलिम्पिकमध्ये शिरला.

म्हणजे २०२८ मध्ये जगातले एकाहून एक शिकलेले, कमावलेले, नावाजलेले खेळाडू हातांवर लटकतील, आणि आपण आडवं पडून त्यांना मनगट कसं ठेवायचं ते सांगू. घोडा नसेल. खरं तर फळीइतकाच तोही निःपक्षपाती होता. पाठीवर बसलेली बाई पहिल्या क्रमांकावर आहे, हे त्यालाही वाचता येत नव्हतं. पण फळी कुणालाही नाही म्हणत नाही. तिच्यापाशी खेकडेवाले येतात, बूटवाले येतात, कॅमेरामन येतात, पडतात, रडतात, परत येतात. तीस वर्षांच्या या सगळ्या खटाटोपात अडथळ्याकडे नीट बघून, शांत डोक्यानं, “मला हे करायचं नाही” असं सांगणारा एकच शहाणा निघाला. आणि काढून टाकलं तेही त्यालाच.